इंग्लिश कॉकर स्पॅनियल

इंग्लिश कॉकर स्पॅनियल ही पक्ष्यांच्या शिकारीसाठी ब्रिटनमध्ये विकसित झालेली लहान चणीच्या कुत्र्यांची एक जात आहे. दाट झुडपांत दडलेला पक्षी वासाने हुडकून त्याला उडवणे आणि गोळी लागून पडलेला पक्षी दातांनी न दुखावता शिकाऱ्याच्या हाती आणून देणे, हे या जातीचे मूळ काम होय. सुमारे ४० सेंटिमीटर उंची, लांब लोंबते कान, रेशमी केस आणि काम करताना अखंड हलणारी शेपूट ही तिची ठळक लक्षणे आहेत. ब्रिटनमध्ये व इतर बहुतेक देशांत तिला नुसते 'कॉकर स्पॅनियल' म्हणतात. अमेरिकेत मात्र त्या नावाने एक वेगळी जात ओळखली जाते.

शिकारीचा साथीदार आणि घरातील सोबती अशा दोन्ही भूमिका एकाच कुत्र्याने निभावाव्यात, अशी अपेक्षा असणारी कुटुंबे या जातीची निवड करतात. तथापि विसाव्या शतकात या जातीचे शिकारी आणि प्रदर्शनी असे दोन वाण एकमेकांपासून बरेच दूर गेले. त्यामुळे केवळ 'कॉकर' या नावावरून एखाद्या कुत्र्याची शारीरिक गरज, स्वभाव किंवा कामाची क्षमता सांगता येत नाही. पिल्लू कोणत्या वाणाचे आहे आणि त्याचे आईबाप कसे आहेत, हे प्रश्न निवडीच्या दृष्टीने अधिक निर्णायक ठरतात.

नाव

'स्पॅनियल' या शब्दाचा उगम 'स्पेनचा' असा अर्थ असलेल्या जुन्या फ्रेंच शब्दात आहे. मात्र हे कुत्रे खरोखर स्पेनमधूनच आले, याला या नावापलीकडे भक्कम आधार नाही. इंग्रजी साहित्यात चौदाव्या शतकात चॉसरच्या लेखनात स्पॅनियलचा उल्लेख सापडतो. 'कॉकर' हे विशेषण वुडकॉक या पक्ष्यावरून आले आहे. लांब चोचीचा आणि पालापाचोळ्याशी एकरूप होणाऱ्या रंगाचा हा पक्षी ओलसर जंगलात झुडपांखाली दबून बसतो. त्याला बाहेर काढण्यासाठी काटेरी जाळीत शिरू शकेल असा लहान अंगाचा कुत्रा लागत असे. त्या कामात वाकबगार ठरलेल्या कुत्र्यांना कॉकर हे नाव पडले.

इतिहास

बंदुकीचा वापर रूढ होण्यापूर्वी स्पॅनियल कुत्रे जाळे लावणाऱ्या आणि ससाणे बाळगणाऱ्या शिकाऱ्यांसोबत काम करीत. जॉन कीझ या इंग्रज वैद्याने १५७० साली ब्रिटनमधील कुत्र्यांवर लॅटिन भाषेत एक ग्रंथ लिहिला. त्यात जमिनीवर काम करणारे आणि पाण्यात काम करणारे असे स्पॅनियलांचे भेद नोंदवलेले आहेत. उडत्या पक्ष्यावर नेम धरण्याजोग्या हलक्या बंदुका आल्यानंतर, पक्षी उठवणारा आणि पडलेला पक्षी आणून देणारा कुत्रा म्हणून स्पॅनियलचे महत्त्व वाढले.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत कॉकर आणि स्प्रिंगर या स्वतंत्र जाती नव्हत्या. एकाच वेतातील लहान पिल्ले कॉकर म्हणून, तर मोठी पिल्ले स्प्रिंगर म्हणून वापरली जात. प्रदर्शनांत २५ पौंड, म्हणजे सुमारे ११ किलो, ही या दोन गटांमधील सीमारेषा मानली जात असे. द केनेल क्लब ही संस्था ब्रिटनमध्ये १८७३ साली स्थापन झाली आणि १८९० च्या दशकात तिने कॉकरला स्वतंत्र जातीचा दर्जा दिला. वजनाची ही मर्यादा १९०१ साली रद्द झाली आणि १९०२ साली कॉकर स्पॅनियल क्लबची स्थापना झाली.

जेम्स फॅरो यांच्याकडे १८७९ साली जन्मलेला 'ओबो' हा नर आधुनिक कॉकरांचा मूळपुरुष मानला जातो. त्याचा पुत्र 'ओबो दुसरा' याच्यापासून अमेरिकेतील कॉकरांची परंपरा सुरू झाली. अमेरिकेत पुढे लहान अंगाच्या, गोल डोक्याच्या आणि भरघोस केसांच्या कुत्र्यांना पसंती मिळत गेली व मूळ शिकारी ठेवण मागे पडली. जुनी ठेवण जपू पाहणाऱ्यांनी दोन्ही प्रकारांचा संकर थांबवण्याचा आग्रह धरला. या प्रयत्नांत जेराल्डिन रॉकफेलर डॉज यांचा पुढाकार होता. अखेर १९४६ साली अमेरिकन केनेल क्लबने इंग्लिश कॉकर स्पॅनियलला वेगळ्या जातीची मान्यता दिली.

शरीररचना

केनेल क्लबच्या मानकानुसार नराची उंची सुमारे ३९ ते ४१ सेंटिमीटर, मादीची ३८ ते ३९ सेंटिमीटर, तर वजन साधारणतः १२.७ ते १४.५ किलो असते. बांधा आटोपशीर व पिळदार असतो. छाती खोल आणि पाय भक्कम असल्याने हा कुत्रा लहान असूनही तितर किंवा फेझंट पक्षी तोंडात धरून सहज चालू शकतो. वजनदार ससा उचलतानाही सशक्त कॉकर मागे हटत नाही.

काळा, सोनेरी, तांबूस आणि यकृतासारखा तपकिरी हे एकरंगी प्रकार आहेत. पांढऱ्यावर मोठे ठिपके असलेले, बारीक शिंतोडे असलेले, तीन रंगांचे आणि पांढरे व काळे केस मिसळून निळसर छटा आलेले असे बहुरंगी प्रकारही आढळतात. सर्वसाधारण आयुर्मान ११ ते १४ वर्षांचे असते.

शिकारी आणि प्रदर्शनी वाण

स्पॅनियलांच्या शिकार-चाचण्या ब्रिटनमध्ये १८९९ साली सुरू झाल्या. एकीकडे या चाचण्यांत जिंकणाऱ्या कुत्र्यांची, तर दुसरीकडे सौंदर्यप्रदर्शनांत जिंकणाऱ्या कुत्र्यांची पैदास होत राहिली. निवडीचे निकष वेगळे असल्याने कालांतराने दोन्ही वाण दिसण्यातही वेगळे झाले.

प्रदर्शनी वाणाच्या कुत्र्याचे कान लांब व डोळ्यांच्या रेषेत खाली बसवलेले, डोके घुमटाकार आणि छाती, पोट व पाय यांवरील केस दाट असतात. शिकारी वाणात कान आखूड व किंचित वर, डोके चपटे, अंग लांबट आणि केस विरळ असतात. काटेरी झुडपात दिवसभर फिरणाऱ्या कुत्र्याला दाट केस अडचणीचेच ठरतात. मात्र महत्त्वाचा फरक ऊर्जेचा आहे. प्रदर्शनी वाणाचा प्रौढ कुत्रा रोजचे सुमारे तासाभराचे फिरणे आणि थोडा खेळ यांवर समाधानी राहू शकतो. शिकारी वाणाच्या कुत्र्याला त्याहून अधिक धावपळ तर लागतेच, शिवाय डोक्याला कामही लागते. ते न मिळाल्यास तो स्वतःच काम शोधतो आणि त्याचा परिणाम कुरतडलेले फर्निचर, अखंड भुंकणे किंवा कुंपणाबाहेर पळणे यांत दिसतो.

दोन्ही वाणांची नोंदणी एकाच जातीच्या नावाखाली होते. त्यामुळे वंशावळीच्या कागदावर 'कॉकर स्पॅनियल' लिहिलेले असणे हा शिकारीच्या क्षमतेचा पुरावा नव्हे. वंशावळीत अलीकडच्या पिढ्यांत चाचणीविजेते किंवा प्रत्यक्ष शिकारीवर काम करणारे पूर्वज आहेत का, हे पाहावे लागते.

शिकारीतील काम

पॉइंटर जातीचा कुत्रा पक्ष्याचा वास येताच स्तब्ध उभा राहून शिकाऱ्याला दिशा दाखवतो. तो बंदुकीपासून बराच दूर गेला तरी चालते, कारण पक्षी जागेवरच असतो. स्पॅनियलची पद्धत याच्या उलट आहे. तो पक्षी सापडताच त्याला उडवतो. म्हणून त्याने नेहमी बंदुकीच्या टप्प्यात, म्हणजे साधारण २० ते ३० मीटरच्या आतच, काम करणे आवश्यक असते. टप्प्याबाहेर उठलेला पक्षी शिकाऱ्याच्या उपयोगाचा नसतो.

चांगला कॉकर वाऱ्याच्या दिशेचा अंदाज घेत शिकाऱ्यापुढे डावीकडून उजवीकडे नागमोडी फिरतो आणि वाटेतील प्रत्येक झुडूप तपासतो. पक्षी उडताच त्याने खाली बसणे अपेक्षित असते. बसल्यामुळे तो गोळीच्या रेषेत येत नाही, उडालेल्या पक्ष्यामागे धावत जाऊन पुढचे पक्षी उधळत नाही आणि पक्षी कोठे पडला हेही त्याला दिसते. आज्ञा झाल्यावरच तो जाऊन पक्षी आणतो. पक्ष्याचे मांस न फाटता तो आणण्याच्या गुणाला शिकारी परिभाषेत 'मऊ तोंड' म्हणतात. फेझंट, ग्राउझ, तितर, वुडकॉक आणि ससा ही ब्रिटनमध्ये कॉकरची नेहमीची सावजे आहेत. हाकाऱ्यांच्या रांगेतही त्याचा वापर होतो.

प्रशिक्षणाचा पाया बसणे, बोलावताच परतणे आणि शिट्टीच्या एका सुरावर जागच्या जागी थांबणे या तीन आज्ञांवर उभा असतो. पक्ष्याऐवजी कापडी नळकांडे टाकून ते आणण्याचा सराव दिला जातो. बंदुकीच्या आवाजाची ओळख दुरून आणि हळूहळू करून द्यावी लागते. लहान पिल्लाच्या कानाशी अचानक झालेला बार त्याला जन्मभरासाठी भित्रा करू शकतो आणि असा कुत्रा शिकारीसाठी निरुपयोगी ठरतो.

स्वभाव आणि कुटुंबातील वावर

कॉकर हा माणसांच्या सहवासाची ओढ असलेला, खेळकर आणि खाण्याचा लोभी कुत्रा आहे. शिकाऱ्याच्या जवळपास राहून काम करण्यासाठी त्याची निवड पिढ्यानुपिढ्या होत आली असल्याने घरातही तो माणसांच्या मागेमागे राहतो. खाऊचे आमिष आणि शाबासकी यांवर तो लवकर शिकतो. कठोर शिक्षेने मात्र बुजतो किंवा हट्टी होतो. दीर्घकाळ एकटे राहणे त्याला मानवत नाही. दिवसभर घराला कुलूप असणाऱ्या कुटुंबासाठी ही जात योग्य नाही.

मुलांशी त्याचे सहसा चांगले जमते. तथापि कोणत्याही कुत्र्याप्रमाणे लहान मुलाजवळ त्याला देखरेखीशिवाय सोडू नये. तोंडात वस्तू धरण्याच्या उपजत सवयीमुळे काही कॉकर मोजे, खेळणी किंवा चपला पळवतात आणि ओढून घेऊ लागल्यास गुरगुरतात. वस्तू हिसकावण्याऐवजी खाऊच्या बदल्यात सोडायला शिकवल्यास ही सवय टाळता येते.

या जातीच्या संदर्भात 'रेज सिंड्रोम' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या अकस्मात आक्रमकतेची चर्चा होते. अँथनी पॉडबर्सेक आणि जेम्स सर्पेल यांनी १९९६ साली प्रसिद्ध केलेल्या, मालकांच्या प्रश्नावलीवर आधारलेल्या अभ्यासात बहुरंगी कॉकरांपेक्षा एकरंगी कॉकरांमध्ये आक्रमक वर्तन अधिक असल्याचे आढळले. यावरून एकरंगी कॉकर घेऊच नये असा निष्कर्ष निघत नाही. मात्र आईबापांचा स्वभाव प्रत्यक्ष पाहण्याचे महत्त्व त्यातून स्पष्ट होते. एखादा शांत कुत्रा अचानक आक्रमक झाल्यास वेदना, कानाचा संसर्ग किंवा अन्य आजार यांची तपासणी प्रथम करावी लागते.

आनुवंशिक आजार

या जातीतील दोन आजारांसाठी जनुकीय चाचणी उपलब्ध आहे. पहिला आजार डोळ्यांचा आहे. त्यात दृष्टिपटल हळूहळू झिजत जाते, प्रथम रात्री दिसेनासे होते आणि पुढे पूर्ण अंधत्व येते. दुसरा आजार मूत्रपिंडांचा आहे. त्यात साधारणपणे वयाच्या दोन वर्षांच्या आतच मूत्रपिंडे निकामी होतात आणि कुत्रा दगावतो.

हे दोन्ही आजार अप्रभावी जनुकामुळे होतात. म्हणजेच दोषयुक्त जनुकाची एकच प्रत असलेला कुत्रा स्वतः निरोगी दिसतो, पण वाहक असतो. दोन वाहकांचा संबंध झाल्यास प्रत्येक पिल्लाला आजार होण्याची शक्यता २५ टक्के आणि वाहक होण्याची शक्यता ५० टक्के असते. याउलट एक पालक दोषमुक्त असल्यास कोणत्याही पिल्लाला तो आजार होत नाही. 'आईबाप निरोगी आहेत' हे विक्रेत्याचे विधान म्हणूनच पुरेसे नसते; चाचणीचा लेखी अहवाल पाहणे आवश्यक असते.

याखेरीज खुब्याच्या सांध्यातील दोष, काचबिंदू आणि बाह्यकर्णाचा संसर्ग हे विकारही आढळतात. सांध्यांचे क्ष-किरण परीक्षण आणि पशुवैद्यकाकडून नेत्रतपासणी यांद्वारे पैदाशीच्या कुत्र्यांची पारख केली जाते.

पिल्लाची निवड

निवडीपूर्वी कुटुंबाने आपली गरज निश्चित करणे अपेक्षित असते. वर्षातून अनेक दिवस शिकारीला नेणे आणि उरलेला काळ घरात ठेवणे हा हेतू असल्यास शिकारी वाणाचे, पण घरात शांत बसणाऱ्या आईबापांचे पिल्लू उपयुक्त ठरते. चाचण्यांसाठी जोपासलेल्या अतिचपळ वंशातील पिल्लू अननुभवी कुटुंबाला झेपत नाही. शिकारीचा हेतू नसल्यास प्रदर्शनी वाण अधिक सोयीचा असतो, पण त्याच्या केसांची निगा अधिक ठेवावी लागते.

पिल्लू त्याच्या आईसोबत, तिच्या राहत्या जागी पाहावे. आई अनोळखी माणसांपासून दूर पळत असेल किंवा गुरगुरत असेल, तर तो गंभीर इशारा समजला जातो. शिकारीसाठी पिल्लू घ्यायचे असल्यास आई किंवा बाप प्रत्यक्ष काम करताना पाहणे सर्वांत विश्वसनीय असते. एकाच वेतातील सर्वांत धीट पिल्लू पुढे होऊन अंगावर चढते, पण तेच सर्वांत योग्य असते असे नाही. कुतूहलाने जवळ येणारे, उचलल्यावर थोड्याच वेळात शांत होणारे आणि जमिनीवर पडलेल्या किल्ल्यांच्या आवाजाने दचकून पुन्हा चौकशीला येणारे मध्यम स्वभावाचे पिल्लू बहुतेक घरांना मानवते.

कुत्र्याच्या सामाजिकीकरणाचा संवेदनशील काळ वयाच्या सुमारे ३ ते १४ आठवड्यांचा असतो. या काळात माणसे, मुले, वाहने आणि घरातील आवाज यांची सौम्य ओळख झालेली पिल्ले पुढे कमी भित्री निघतात. म्हणून घरात वाढलेले पिल्लू आणि एकांतातील पिंजऱ्यात वाढलेले पिल्लू यांत, वंश सारखा असला तरी, मोठा फरक पडतो.

इतर लहान स्पॅनियलांशी तुलना

इंग्लिश स्प्रिंगर स्पॅनियल उंचीने सुमारे ५१ सेंटिमीटर असतो. मोकळ्या माळावर तो अधिक क्षेत्र व्यापतो, पण त्याला जागाही अधिक लागते. अमेरिकन कॉकर आकाराने लहान आहे. मात्र त्याचे भरघोस केस झुडपातील कामाला अडथळा ठरतात आणि तो आज प्रामुख्याने घरगुती कुत्रा आहे. कॅव्हेलियर किंग चार्ल्स स्पॅनियल त्याहून लहान व शांत असतो. तो शिकारीसाठी पाळला जात नाही आणि त्याच्यात हृदयाच्या झडपेचा आजार मोठ्या प्रमाणात आढळतो.

अमेरिकेतील साउथ कॅरोलायना राज्यात विसाव्या शतकाच्या आरंभी विकसित झालेला तपकिरी रंगाचा बॉयकिन स्पॅनियल हाही घर आणि शिकार अशा दुहेरी उपयोगाचा कुत्रा आहे. वॉटरी नदीच्या दलदलीत लहान होड्यांतून रानटी टर्की व बदकांची शिकार करणाऱ्यांना होडी न डोलवणारा कुत्रा हवा होता, त्यातून ही जात घडली. १९८५ पासून तो त्या राज्याचा अधिकृत कुत्रा आहे.

निगा

लांब कानांमुळे कानाच्या पोकळीत हवा खेळत नाही आणि ओल टिकून बुरशी व जिवाणू वाढतात. पोहल्यानंतर किंवा अंघोळीनंतर कान कोरडे करणे आणि आठवड्यातून एकदा ते तपासणे आवश्यक असते. दुर्गंधी येणे, डोके झटकणे आणि कान खाजवणे ही संसर्गाची लक्षणे आहेत. गवताची कुसळे कानात किंवा बोटांच्या फटीत शिरून खोलवर जखम करतात. त्यामुळे रानातून परतल्यावर संपूर्ण अंग तपासले जाते. केस आठवड्यातून अनेकदा विंचरावे लागतात.

खादाडपणामुळे ही जात लवकर लठ्ठ होते आणि वाढलेले वजन सांध्यांवर ताण आणते. कांदा, लसूण, द्राक्षे, मनुका आणि चॉकलेट हे पदार्थ कुत्र्यांना विषारी असतात.

इंग्लंड आणि वेल्समध्ये कुत्र्यांचे शेपूट कापण्यावर २००६ च्या प्राणी कल्याण कायद्यान्वये बंदी आहे. झुडपांत शेपटीला होणाऱ्या जखमा टाळण्यासाठी काम करणाऱ्या विशिष्ट कुत्र्यांना पशुवैद्यकाच्या प्रमाणपत्रासह सवलत आहे.

प्रदर्शने

लंडनमध्ये सुरू झालेल्या 'क्रफ्ट्स' या प्रख्यात प्रदर्शनात सर्वश्रेष्ठ कुत्र्याचा मान या जातीने १९३०, १९३१, १९३८, १९३९, १९४८, १९५० आणि १९९६ असा ७ वेळा मिळवला आहे. १९५० पर्यंतचे सहाही विजय एच. एस. लॉइड यांच्या 'ऑफ वेअर' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या कुत्र्यांनी मिळवले.

भारतात

भारतात वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ आणि त्यातील नंतरच्या दुरुस्त्यांमुळे तितर, लावे, रानबदके यांसारख्या वन्य पक्ष्यांच्या शिकारीला मनाई आहे. त्यामुळे महाराष्ट्रासह देशभर कॉकर प्रामुख्याने घरगुती कुत्रा म्हणून पाळला जातो. त्याची हुंगण्याची व वस्तू आणून देण्याची उपजत ओढ मात्र कायद्याने नाहीशी होत नाही. लपवलेले खेळणे किंवा खाऊ शोधायला लावणे, कापडी नळकांडे आणण्याचा खेळ आणि रोजचे मोकळे फिरणे हे तिला वाट करून देण्याचे पर्याय आहेत. मोकळ्या जागेत फिरवताना जमिनीवर घरटी करणाऱ्या पक्ष्यांना उपद्रव होऊ नये म्हणून पट्टा आवश्यक ठरतो.

उन्हाळ्यात पहाटे व सायंकाळनंतर फिरवणे, पावसाळ्यात कान कोरडे ठेवणे आणि गोचिडांपासून संरक्षण करणे याकडे विशेष लक्ष द्यावे लागते. साचलेल्या पाण्यातून पसरणाऱ्या लेप्टोस्पायरोसिसविरुद्ध आणि रेबीजविरुद्ध लसीकरण केले जाते. कुत्र्यांची पैदास व विक्री यांसंबंधीच्या २०१७ च्या केंद्रीय नियमांनुसार पैदासकाराने राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करणे बंधनकारक असून ८ आठवड्यांहून लहान पिल्लू विकता येत नाही. खरेदीदाराने नोंदणी क्रमांक, पिल्लाचे वय आणि पालकांचे चाचणी-अहवाल यांची मागणी केल्यास सदोष पैदाशीला आपोआप आळा बसतो.